‘पूरग्रस्त’ आणि ‘पसंती’ : दोन शब्दप्रयोगांची चिकित्सा

कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या पुरांविषयीच्या लेखनात दोन शब्दप्रयोग हटकून आढळतात. पुरानंतर तेथील माणूस ‘पूरग्रस्त’ असतो. स्थलांतराची चर्चा निघाली की तोच माणूस नदीकाठी राहणे ‘पसंत करतो’. ‘ग्रस्त’ हे ‘ग्रस्’, म्हणजे गिळणे, ह्या धातूचे कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित होय. पहिल्या प्रयोगात माणूस कर्म आहे, दुसऱ्यात कर्ता. मदत देताना त्याचे कर्तृत्व विसरावयाचे आणि दोष देताना तेवढेच आठवावयाचे, असा हा सोयीस्कर पालट आहे.

काठावरची भाषा निराळे सांगते. नृसिंहवाडी येथे पुराचे पाणी दत्तमंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिणेकडील दाराने बाहेर पडते, त्यास ‘दक्षिणद्वार सोहळा’ म्हणतात. पाणी वाढताना तो ‘चढता’, ओसरताना ‘उतरता’. भाविक त्या पाण्यात स्नान करतात. ज्या समाजाने पुराच्या अवस्थांना अशी नावे दिली, त्याने आपत्ती निवडली असे म्हणता येत नाही. त्याने ओळखीचा पूर पत्करला. गाळाची सुपीक जमीन आणि तीवरील ऊस हा त्या पत्करण्याचा मोबदला होय.

तथापि येथेच थांबणे भाबडेपणाचे ठरेल. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी ह्या शब्दसंग्रहाची मर्यादा उघड केली. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसांना नेणारी नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. नाव दिलेला पूर आटोक्यातला वाटतो. हा विश्वासच प्रसंगी घातक ठरतो.

पंचगंगेकाठच्या चिखलीचे उदाहरण बोलके आहे. १९८९ च्या पुरानंतर तेथील कुटुंबांसाठी सोनतळी येथे जागा देण्यात आल्या. तरीही जुने गाव मोडले नाही. ह्यास हट्ट म्हणणे सोपे आहे. परंतु घर एकीकडे आणि शेत व गोठा दुसरीकडे, अशी विभागणी शेतकऱ्यास रोज चालावी लागते. पूर मात्र रोज येत नाही. भूमिहीन मजुरास तर रोजगाराच्या जवळ राहण्यावाचून गत्यंतर नसते. त्याच्या बाबतीत ‘पसंती’ हा शब्दच अप्रस्तुत होय.

तात्पर्य, ‘लोक तेथे का राहतात?’ ह्या प्रश्नात कर्ता कोण, हे आधी ठरविले पाहिजे. ज्यास दुसरी जागा परवडते त्याचे राहणे आणि ज्यास परवडत नाही त्याचे राहणे, ही एकाच क्रियापदाने सांगितली जातात. पुनर्वसनाच्या योजना तेथेच फसतात.