खासदाराचं प्रगतिपुस्तक आणि कोरा रकाना

पेटचा निकाल लागला की ओळखीच्या ज्युनिअर्सचे सिनॉप्सिस वाचायला येऊ लागतात. त्यात राज्यशास्त्रवाल्यांचा एक ठरलेला विषय असतो: 'अमुक ज्येष्ठ नेत्याची संसदीय कामगिरी: एक चिकित्सक अभ्यास'. पद्धतही ठरलेली. हजेरी मोजायची, प्रश्न मोजायचे, भाषणं मोजायची, मतदान बघायचं, वर्तमानपत्रांतले उल्लेख मोजायचे आणि शेवटी सगळं एका तक्त्यात घालायचं. डेटा पीआरएसच्या साइटवर आहे, लोकसभा-राज्यसभेच्या संकेतस्थळांवर आहे, फुकट आहे. मग अडचण काय?

अडचण अशी की या पद्धतीत मी स्वतः तोंडावर आपटले आहे, त्यामुळे तुम्ही आपटण्याआधी सांगते.

एम.ए.ला असताना महाराष्ट्रातल्या खासदारांच्या हजेरीची सरासरी काढत होते. काही नावांपुढचा रकाना कोरा होता. एक्सेलला कोरा रकाना आवडत नाही असं मला वाटलं, म्हणून सगळीकडे शून्य भरून टाकलं. त्यात शरद पवार होते. गाईडनी तक्ता बघितला आणि विचारलं, "हा माणूस दहा वर्षं कृषिमंत्री होता. दहा वर्षं सभागृहात पाऊलच टाकलं नाही त्यांनी?" मंत्र्यांना हजेरीपटावर सही करावी लागत नाही, हे मला माहीत नव्हतं. ते तिथेच, साइटवर, बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात, म्हणून तोही रकाना कोरा. म्हणजे ज्या काळात माणसाच्या हाती सगळ्यात जास्त सत्ता होती, नेमका तोच काळ प्रगतिपुस्तकात गायब.

इथे पीआरएसला दोष देता येत नाही. २००५ पासून ही संस्था जे काम करतेय त्याशिवाय आपल्यापैकी निम्म्या लोकांचे प्रबंध उभेच राहिले नसते. ते लोक आकडा देतात आणि सोबत टीपही देतात. आपण आकडा उचलतो आणि टीप तिथेच ठेवून येतो. माझी टीका आहे ती या उचलण्यावर, आणि हजेरी, मत, भाषण, उल्लेख हे एकाच वस्तूचे चार भाग आहेत या समजुतीवर.

पवारांचंच उदाहरण पुढे नेऊ, कारण ते अवघड आहे आणि अवघड उदाहरणावरच पद्धत तपासावी. २००४ ते २०१४ केंद्रीय कृषिमंत्री, २०१४ पासून राज्यसभेत. आता समजा तुमचा संशोधन-प्रश्न अगदी साधा आहे: २०२०च्या कृषी कायद्यांवर या माजी कृषिमंत्र्याने संसदेत काय केलं?

मतदानाचा रकाना उघडा. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत तीनपैकी दोन विधेयकं मंजूर झाली. आवाजी मतदानाने. विरोधकांनी मतविभागणी मागितली, उपसभापती हरिवंश यांनी ती घेतली नाही. मागणी करणारे सदस्य आपापल्या जागेवर नव्हते असं सांगण्यात आलं आणि विरोधकांनी ते नाकारलं. दुसऱ्या दिवशी आठ खासदार निलंबित. या सगळ्यावर रकानेच्या रकाने लिहून झालेत, ते इथे उगाळत नाही. संशोधक म्हणून तुमच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे: त्या दिवशी कोणी कुठे मत दिलं याची नोंदच नाही. कुणाचीच नाही. लोकसभेतही ती आवाजी मतदानानेच मंजूर झाली होती. पुढे २९ नोव्हेंबर २०२१ला हे कायदे रद्द करणारं विधेयक दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी मंजूर झालं, तेही चर्चेविना आणि आवाजी मतदानाने. वर्षभर शेतकरी दिल्लीच्या सीमेवर बसले होते. त्या कायद्यांवर तुमच्या-माझ्या खासदाराचं मत काय पडलं, याला संसदेच्या कागदपत्रांत उत्तर नाही.

पवार स्वतः त्या दिवशी सभागृहात नव्हते. मराठा आरक्षणाच्या प्रश्नावरच्या बैठकांसाठी मुंबईत होतो असं त्यांनी नंतर सांगितलं. दोन दिवसांनी निलंबित खासदारांना पाठिंबा म्हणून त्यांनी एक दिवस अन्नत्याग केला. आता तुमचा तक्ता भरा. हजेरी: गैरहजर. मत: नोंद नाही. भाषण: नाही. उल्लेख: भरमसाट. एकाच माणसाचा, एकाच विषयावरचा, एकाच आठवड्यातला हा डेटा. याची सरासरी काढून दाखवा बघू.

मतदानाच्या रकान्याकडे जरा थांबून बघायला हवं, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथे होते.

ही कल्पना मुळात आपण ब्रिटिश आणि अमेरिकन साइट्स बघून उचलली आहे. ब्रिटनमध्ये २००४ पासून 'दे वर्क फॉर यू' नावाची साइट आहे. तिथे खासदाराचं नाव टाकलं की त्याने कोणत्या विषयावर साधारण कुठल्या बाजूने मतं दिली हे समोर येतं. तिथे ते शक्य आहे, कारण हाउस ऑफ कॉमन्समध्ये मतविभागणी ही रोजची बाब आहे. सदस्य 'हो'च्या किंवा 'नाही'च्या दालनातून चालत जातात आणि नावं छापली जातात. पक्षाविरुद्ध मत दिलं तर व्हिप रागावतो, पद मिळत नाही, पण खासदारकी राहते. म्हणून तिथे मताला काहीतरी अर्थ उरतो.

आपल्याकडे १९८५ साली बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. पक्षादेशाविरुद्ध मत दिलं, किंवा पक्षादेश असताना मतदानाला गैरहजर राहिलं आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. त्यामुळे आपल्या खासदाराचं नोंदलेलं मत बहुतेक वेळा पक्षाचं मत असतं. ते मोजून तुम्ही खासदार मोजत नाही, व्हिप मोजता. ज्येष्ठ नेत्याच्या बाबतीत तर आणखी गंमत: पक्षादेश ठरवणाराच तो असतो. पवार पक्षाध्यक्ष. त्यांनी पक्षाच्या बाजूने शंभर टक्के मतदान केलं, असा निष्कर्ष छापून तुम्ही नेमकं काय शोधलं?

दुसरी फसगत निवडीची. मतविभागणी क्वचित होते हे एक, पण कधी होते ते महत्त्वाचं. घटनादुरुस्तीला कलम ३६८ प्रमाणे विशेष बहुमत लागतं, म्हणून तिथे मोजणी करावीच लागते. मग मोजणीत काय सापडतं? ३ ऑगस्ट २०१६, जीएसटीची घटनादुरुस्ती, राज्यसभा: २०३ विरुद्ध ०. ८ जानेवारी २०१९, आर्थिक दुर्बलांचं आरक्षण, लोकसभा: ३२३ विरुद्ध ३. सप्टेंबर २०२३, महिला आरक्षण, लोकसभा: ४५४ विरुद्ध २. जिथे मतभेद जवळजवळ नव्हता तिथे मत नोंदलं गेलं आणि जिथे भांडण होतं तिथे आवाजी मतदान. अपवाद आहेत, उदाहरणार्थ विश्वासदर्शक ठराव. १७ एप्रिल १९९९ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं, तेव्हा पवार विरोधी पक्षनेते होते. पण एरवी तुमचा नमुना मुळातच एका बाजूला कललेला असतो. त्यावरून 'भारतीय खासदारांत व्यापक सहमती आढळते' असं वाक्य लिहिलेला एक सिनॉप्सिस मी खरंच वाचला आहे.

भाषणांचा रकाना यापेक्षा बरा, पण तोही सरळ नाही. लोकसभेच्या कामकाजाच्या मजकुरात तारांकन दिसतं. ते कधी 'अध्यक्षांच्या आदेशाने कामकाजातून वगळलं' असं सांगतं, कधी 'नोंद घेतली नाही', कधी 'भाषण पटलावर ठेवलं' आणि कधी 'मूळ मराठी भाषणाचा इंग्रजी अनुवाद'. म्हणजे एकाच चांदणीखाली न छापलेलं भाषण, न केलेलं भाषण आणि वेगळ्याच भाषेत केलेलं भाषण, सगळं. तुम्ही शब्दसंख्या मोजणार असाल तर चांदण्यांच्या तळटीपा आधी वाचा. मराठीत बोललेल्या खासदाराची शैली इंग्रजी अनुवादावरून तपासणारे महाभाग आहेत.

बरं, नुसतं मोजण्याचा परिणाम मोजल्या जाणाऱ्यावरही होतो. 'दे वर्क फॉर यू'वर सुरुवातीला भाषणांच्या संख्येवरून क्रमवारी दिसायची. आकडा वाढावा म्हणून काही खासदार उठून काहीबाही बोलतात, अशी ओरड २००६च्या सुमारास तिथल्या वर्तमानपत्रांत झाली. आपल्याकडचा त्याचा भाऊ म्हणजे प्रश्नांचा आकडा. एकाच प्रश्नावर अनेक सदस्यांची नावं असतात आणि प्रत्येकाच्या खात्यात एक प्रश्न जमा होतो. 'सर्वाधिक प्रश्न विचारणारा खासदार' हा फ्लेक्स चौकात लागतो तेव्हा त्यातले किती प्रश्न एकट्याचे, हे कोणी विचारत नाही. उलट ज्येष्ठ नेत्यांचं काम बरंचसं स्थायी समित्यांत आणि दालनात होतं. समित्यांच्या बैठका बंद दाराआड असतात, आपल्याला फक्त अहवाल मिळतो.

राहिला उल्लेखांचा रकाना. हा सगळ्यात मोहात पाडणारा, कारण त्याचे आलेख छान येतात. 'पवार' असा शोध दिलात की अजित पवार येतात, रोहित पवार येतात, आणि तुमच्या गल्लीतले पवारही येतात. 'शरद पवार' दिलात तर दुसऱ्या उल्लेखापासूनचं 'पवारांनी', 'पवारांचा', 'पवारसाहेबांना' सुटतं; मराठी नाव विभक्तीत बदलतं हे इंग्रजीसाठी केलेल्या सॉफ्टवेअरला कुठून कळणार? 'साहेब', 'बारामती' यांचं काय करणार? बारामती म्हणजे गाव, मतदारसंघ की माणूस, हे वाक्य वाचल्याशिवाय ठरत नाही. त्यात २००५ ते २००८ ते बीसीसीआयचे अध्यक्ष होते आणि २०१० ते २०१२ आयसीसीचे. कृषिमंत्री असतानाच. त्या वर्षांतले निम्मे उल्लेख खेळाच्या पानावरचे निघाले तर आश्चर्य मानू नका. २०२३च्या फुटीनंतर 'राष्ट्रवादीचे नेते' हा शब्दप्रयोग कोणाचा, हेही तारीख बघून ठरवावं लागतं.

आणि तरीही, कृषी कायद्यांच्या आपल्या प्रश्नाचं खरं उत्तर मला सापडलं ते याच शेवटच्या, सगळ्यात घाणेरड्या रकान्यातून. डिसेंबर २०२०मध्ये पवारांचे उल्लेख अचानक वाढतात. कारण भाजपच्या नेत्यांनी त्यांची जुनी पत्रं बाहेर काढली. कृषिमंत्री म्हणून २०१०-११च्या सुमारास त्यांनी शीला दीक्षित, शिवराजसिंह चौहान अशा मुख्यमंत्र्यांना लिहिलेली: बाजार समिती कायदे बदला, खासगी क्षेत्राला जागा द्या. मग आता विरोध कसा, असा सवाल. पवारांचं म्हणणं, सुधारणा हवी हे मी म्हणतच होतो. पण राज्यांशी न बोलता, दिल्लीत बसून हे करता येत नाही. शेती आणि बाजार राज्यसूचीत आहेत हे लक्षात घेतलं तर हा मुद्दा निव्वळ पळवाट नाही. पण त्यात राजकीय सोय अजिबात नव्हती असंही मी म्हणणार नाही.

हे वाद घालण्यासारखं आहे. इथे भूमिका आहे, तिच्यात दहा वर्षांत झालेला बदल आहे किंवा नसलेला बदल आहे, आणि तो कागदावरून तपासता येतो. पण पत्र हा प्रकार कोणत्याच प्रगतिपुस्तकात नाही. ते मत नाही, भाषण नाही, प्रश्न नाही.

तेव्हा तुमचा सिनॉप्सिस परत उघडा आणि शीर्षकातला 'कामगिरी' हा शब्द आधी खोडा. त्याजागी एक धोरण घाला, एक कालखंड घाला. मग प्रत्येक रकान्यासमोर पेन्सिलीने लिहा: ही नोंद कोण करतं, कोणत्या नियमाने करतं आणि कधी करत नाही. संसदेच्या नियमावल्या पीडीएफमध्ये आहेत, एका दुपारी वाचून होतात. कोऱ्या जागी शून्य भरू नका, कोरंच ठेवा आणि कोरं का ते शेजारी लिहा. आणि मंत्रिपदाच्या काळासाठी संसदेची साइट बंद करून मंत्रालयाचे वार्षिक अहवाल, मुख्यमंत्र्यांशी झालेला पत्रव्यवहार आणि तारांकित प्रश्नांना दिलेली उत्तरं काढा. पत्रांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाका, उत्तर यायला महिना तरी धरा. तोवर चांदण्यांच्या तळटीपा वाचून होतील.