सहकुटुंब पाहण्याजोगा चित्रपट

एखाद्या नव्या चित्रपटाविषयी दिल्लीतील मराठी मंडळींत गोष्ट निघाली, की पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : सहकुटुंब पाहण्याजोगा आहे काय? दिग्दर्शन, छायालेखन, अभिनय यांची चौकशी मागाहून होते. आम्ही या निकषाला हसत नाही. बदलीच्या नोकरीत कुटुंब हाच एक मुलूख आपण बरोबर घेऊन हिंडतो. त्याच्या वेशीवर पहारा असावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु समलिंगी प्रेमाचे चित्रण करणाऱ्या चित्रपटांचा विचार करू लागलो, म्हणजे हा निकष आपल्यावरच उलटतो. या चित्रपटांतील जे उत्तम आहेत, ते सारे कुटुंबाविषयीच काही सांगत आले आहेत. आणि ज्यांच्याविषयी ते सांगतात, ती माणसे कोणाच्या ना कोणाच्या घरातीलच आहेत.

दिल्लीपुरते बोलावयाचे, तर या कथेचा आरंभ कॅनॉट प्लेसमधील रीगल चित्रपटगृहाच्या दारात करावा लागतो. १९३२ साली उघडलेले हे चित्रपटगृह २०१७ च्या मार्चअखेर बंद झाले. पण १९९८ च्या डिसेंबरात ते चांगले नांदते होते. दीपा मेहता यांचा ‘फायर’ हा १९९६ सालचा चित्रपट त्या वर्षीच्या नोव्हेंबरात आपल्याकडे प्रदर्शित झाला. २ डिसेंबरला मुंबईत आणि ३ डिसेंबरला रीगलवर निदर्शकांनी हल्ले करून खेळ बंद पाडले. चित्रपट पुन्हा परिनिरीक्षण मंडळाकडे गेला आणि एकही काट न लागता १९९९ च्या फेब्रुवारीत परत पडद्यावर आला. परंतु आमच्या मते खरी घटना या दोन तारखांच्या मध्ये घडली. ७ डिसेंबरच्या संध्याकाळी त्याच रीगलसमोर मेणबत्त्या घेऊन माणसे उभी राहिली. त्यांत काही स्त्रियांच्या हातांतील फलकांवर, आम्ही भारतीय आहोत आणि आम्ही अशा आहोत, या आशयाचे शब्द होते. पडद्यावरील दोन स्त्रियांनी जे नाव उच्चारले नव्हते, ते पडद्याबाहेरच्या स्त्रियांनी रस्त्यावर उच्चारले. चित्रपट समाजमन घडवितो, असे आपण सरसकट म्हणतो. येथे चित्रपटापेक्षा त्याच्या दारातील गर्दीनेच अधिक घडविले, असे आम्हांस वाटते.

कलाकृती म्हणून ‘फायर’विषयी आमचे मत फारसे अनुकूल नाही. दिल्लीतील एका एकत्र कुटुंबातील दोन जावांचे हे प्रेम आहे. शबाना आझमी आणि नंदिता दास यांनी ते विलक्षण संयमाने उभे केले, यात वाद नाही. पण थोरल्या जावेच्या पतीने एका स्वामींच्या नादी लागून ब्रह्मचर्य पत्करलेले, आणि धाकटीच्या पतीचे मन दुसऱ्याच स्त्रीत गुंतलेले! म्हणजे दोन्ही नवरे नीट असते तर या दोघी एकमेकींकडे वळल्याच नसत्या, असा हिशेब प्रेक्षकाने मनाशी मांडावा, याची सोय दिग्दर्शिकेनेच करून ठेवली. प्रेमाला कारण शोधण्याची ही खोड आपल्या साऱ्या चित्रणांना जडलेली आहे. स्त्री-पुरुषांच्या प्रेमाला कोणी कारण विचारीत नाही.

आणि ही खोड मराठीसही नवी नाही. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले; सुमित्रा ऊर्फ मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. ‘फायर’च्या सतरा वर्षे आधी मराठी प्रेक्षकाने एका तरुणीचे दुसऱ्या तरुणीवरील प्रेम रंगमंचावर पाहिले होते, ही आपल्या अभिमानाची गोष्ट खरीच, मात्र त्या मित्राला नाटककाराने आत्मनाशापलीकडे वाट ठेवली नाही, हेही विसरता येत नाही. पुढच्याच वर्षी जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’त महिलाश्रमातील दोन स्त्रियांच्या संबंधांचा प्रसंग आला. तेथील सहानुभूती उपचाराची भाषा बोलते. इतकी पुरोगामी स्त्री, पण तिलाही हा आजारच वाटतो. त्या काळाचे ते मोजमाप आहे, एवढेच आम्ही म्हणू.

मधल्या काळातील हिंदी चित्रपटांनी या विषयाचा विनोद केला. ‘कल हो ना हो’ (२००३) मधील कांताबेनचे विस्फारलेले डोळे किंवा ‘दोस्ताना’ (२००८) मधील दोन तरुणांचे सोंग आठवावे. त्या विनोदाने कोणाच्या मनावर ओरखडे उमटले असतील, तर ते नाकारण्याचा अधिकार आम्हांस नाही. तथापि त्याने एक काम केले : जो शब्द घरात उच्चारता येत नव्हता, तो हसत हसत का होईना दिवाणखान्यात आला. यापलीकडे त्या चित्रपटांपाशी थांबण्याचे कारण नाही.

ज्याच्यापाशी थांबावे, तो हंसल मेहता यांचा ‘अलीगढ’. परमुलखी नोकरी करणाऱ्या मराठी माणसाने हा चित्रपट परक्याची कथा म्हणून पाहावा, हे आम्हांस अशक्य वाटते. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे नागपूरचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात ते मराठी शिकवीत. आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. ‘पायाखालची हिरवळ’ या त्यांच्या कवितासंग्रहाला २००२ साली महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री विद्यापीठाच्या निवासस्थानात ते एका रिक्षाचालकाबरोबर असताना कॅमेरा घेऊन माणसे आत घुसली. विद्यापीठाने गैरवर्तनाबद्दल निलंबित केले ते सिरसांना, आणि निवासस्थान सोडण्याचा आदेशही त्यांनाच मिळाला. निवृत्तीस थोडे महिने उरले होते. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने निर्णय झाला, आणि ७ एप्रिलला भाड्याच्या घरात त्यांचे शव आढळले. त्या मृत्यूचे कोडे सुटलेले नाही. चित्रपटही ते सुटल्याचा आव आणीत नाही, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण होय.

चित्रपटाचा आरंभ आमच्या स्मरणातून जात नाही. हिवाळ्याची रात्र, साधी इमारत, तिच्याकडे कॅमेरा बाहेरून पाहतो आहे. दोघे येतात, वर जातात, खिडकीत दिवा लागतो. मग आणखी कोणी येतात. आत काय झाले, ते आपल्याला दिसत नाही; आपण रस्त्यावरच उभे. दिग्दर्शकाने प्रेक्षकाला प्रथम शेजाऱ्याच्या जागी उभे केले आहे, आणि आत काय चालले असेल, हे कुतूहल आपल्याही मनात चाळवते, त्या क्षणी आपणही घुसणाऱ्यांच्या किंचित जवळ गेलेलो असतो. पुढे तीच रात्र तुकड्यातुकड्यांनी पुन्हा येते आणि दर वेळी आपण थोडे अधिक आत जातो. पण तोवर त्या माणसाची ओळख झालेली असते, आणि आत जाण्याची लाज वाटू लागते. व्याख्यानांनी जे साधत नाही, ते या रचनेने साधले आहे.

आमच्या वाचकांपैकी बहुतेक जण सरकारी क्वार्टरमध्ये राहतात. त्या घराचे स्वरूप त्यांना सांगावयास नको. भिंती आपल्या नसतात, रंग आपला नसतो, बदलीचा किंवा निवृत्तीचा कागद आला की खिळेसुद्धा काढून घ्यावे लागतात. तरीही रात्री कडी लावली की ते आपले घर असते, या एका विश्वासावर आयुष्ये काढली जातात. सिरसांच्या बाबतीत तुटला तो हा विश्वास. केंद्रीय सेवकांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत सरकारी सेवकास न शोभणारे असे काहीही न करण्याचे कलम आहे. काय शोभते आणि काय शोभत नाही, हे कडीच्या आतल्या बाजूसही लागू आहे काय, हा प्रश्न कोणा एका विद्यापीठाचा नव्हे; टिपणी लिहिणाऱ्या आणि तिच्यावर सही करणाऱ्या प्रत्येकाचा तो आहे. चित्रपटातील अधिकारी कोणी राक्षस नाहीत. सभ्य, हळू बोलणारे, नियम जाणणारे आहेत. आम्हांस तेच अधिक बोचले.

मनोज वाजपेयी यांनी सिरस उभे केले आहेत, ते हौतात्म्याचा लवलेशही न आणता. हा माणूस भित्रा आहे, हट्टी आहे, थोडा शिष्टही आहे. हाती मद्याचा पेला घेऊन तो एकटाच ‘अनपढ’मधील लताबाईंचे गीत ऐकतो, कॅमेरा हलत नाही आणि चेहऱ्यावर एक जन्म येऊन जातो. न्यायालयात त्याच्यावरून वाद चालू असताना तो आपल्या कवितांच्या भाषांतरात गढलेला असतो. आपल्या भावनेला तीन अक्षरांचे इंग्रजी नाव चिकटवले जाते, हे त्याला मुळी पटत नाही; कवितेप्रमाणे भावनाही शब्दांत मावत नाही, असे तो त्या तरुण वार्ताहराला समजावू पाहतो. (वार्ताहराच्या भूमिकेत राजकुमार राव आहेत, आणि दोघांतील स्नेह हा चित्रपटातील सर्वांत उबदार भाग आहे.)

तरीही आमची एक तक्रार आहे. हा मराठीचा प्राध्यापक, मराठी कवी; चित्रपट मात्र हिंदी-इंग्रजीत बोलतो. उर्दूच्या गावात मराठी शिकविणाऱ्याचे उपरेपण उल्लेखापुरते येते. त्याचा ध्वनी ऐकू येत नाही. एकटेपणी त्याने एखादे मराठी भावगीत का ऐकू नये, असे आम्हांस क्षणभर वाटले. मग वाटले, दोन दशकांहून अधिक काळ उत्तरेत घालविलेल्या माणसाच्या एकांतात हिंदी गीत असणे हेच खरे असेल. आपल्यापैकी किती जणांचे तसे झाले आहे! चित्रपट हिंदीत आला म्हणून दिग्दर्शकाला दोष देणे सोपे आहे. पुरस्कार मिळालेला मराठी कवी दिल्लीपासून दोन-तीन तासांच्या अंतरावर अडचणीत होता, तेव्हा आपली मराठी मंडळे, आपली संमेलने, आपल्यासारखी नियतकालिके कोठे होती, असे जर त्या दिग्दर्शकाने उलट विचारले, तर आमच्यापाशी उत्तर नाही.

कायद्याचा एक चमत्कार येथे नोंदविला पाहिजे. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी कलम ३७७ मधून संमतीने होणारे प्रौढांचे खाजगी संबंध वगळले. त्या खंडपीठाचे मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा हे मुंबई उच्च न्यायालयातून वर चढलेले. म्हणजे सिरसांच्या घरात माणसे घुसली तेव्हा सिरस कोणत्याही गुन्ह्याचे धनी नव्हते. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. त्यामुळे २६ फेब्रुवारी २०१६ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा तेच कृत्य पुन्हा गुन्हा होते! ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ते अखेर गुन्ह्यांतून सुटले. चित्रपटाच्या जाहिरातपटालाही ‘केवळ प्रौढांसाठी’ असे प्रमाणपत्र मिळाले होते. त्यात अंगप्रदर्शन नव्हते. एक वयस्क मराठी प्राध्यापक काही बोलत होता, तो सहकुटुंब ऐकण्याजोगा नाही असे ठरले.

२०१८ नंतर हिंदी पडद्याने सहकुटुंबाची अट पुरी करून दाखविली. ‘शुभ मंगल ज्यादा सावधान’ (२०२०) मध्ये दिल्लीत राहणारे दोन तरुण एका लग्नाच्या निमित्ताने घरच्यांसमोर उघडे पडतात आणि आरडाओरड्याअंती बाप नमतो. ‘बधाई दो’ (२०२२) त्याहून सरस; त्यातील दोघे घरच्यांना फसविण्यासाठी एकमेकांशी लग्न करतात आणि त्या खोट्या संसारातूनच खरी मैत्री निपजते. या चित्रपटांचा उपयोग आम्ही नाकारीत नाही. पण त्यांत कुटुंब शेवटी मान डोलावते, ते कथानकाला दोन तासांत संपावयाचे असते म्हणून.

रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला अशी घाई नाही. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपटांचे सर्वोच्च पारितोषिक या मराठी चित्रपटाने मिळविले आणि १९ सप्टेंबरला तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. कथा म्हणावी तर एवढीच : मुंबईत नोकरी करणारा आनंद वडिलांच्या निधनानंतर आईबरोबर गावी जातो आणि सुतकाचे दहा दिवस तेथे काढतो. गाव संगमनेर तालुक्यातील. दहा दिवस पायांत वहाण नाही, चहात दूध नाही. आणि नातेवाइकांचा एकच धोशा : आता तरी लग्न कर. त्या दिवसांत त्याला बालपणीचा मित्र बाळ्या भेटतो. तोही शेती-शेळ्यांत रमलेला आणि लग्नाला नकार देत आलेला.

रजा टाकून सुतकासाठी गावी गेलेल्या कोणाही अधिकाऱ्याला हे दहा दिवस ओळखीचे वाटतील. शोकाला सवड मिळत नाही. येणारा-जाणारा संपत नाही. ओसरीवर बसलेल्या वडीलधाऱ्यांना आपल्या पगाराची आणि मुलाबाळांची चौकशी करावयाची असते. या गर्दीतच दोघांना एकमेकांचा निवारा मिळतो. दिग्दर्शकाने पार्श्वसंगीत ठेवलेले नाही. पाखरे, शेळ्या, बायकांचे बोलणे, एवढेच कानांवर येते. भूषण मनोज आणि सूरज सुमन यांचे अभिनय अभिनय वाटत नाहीत. आणि या प्रेमाला कोणी कारण विचारीत नाही : कोणी नवरा वाईट निघालेला नाही, कोणी आजारी नाही, कोणाला मरण पत्करावे लागत नाही. मरण येते ते बापाचे, वयाप्रमाणे येणारे. आणि हा बाप मुलाला समजून घेणारा होता, हे कळते तेव्हा त्या सुतकाचा अर्थ पालटतो.

आईची भूमिका जयश्री जगताप यांनी केली आहे. तिला मुलाचे सारे ठाऊक आहे. ती त्याविषयी भाषण करीत नाही, अश्रू ढाळीत नाही; नातेवाईक लग्नाचा विषय काढतात तेव्हा मध्ये पडते आणि मुलाला सांभाळून घेते. ‘स्वीकार’ हा जड शब्द आपण परिसंवादांत वापरतो. या शिकस्तीने घर चालविणाऱ्या बाईला तो उच्चारताही आला नसता. दोष काढावयाचाच, तर मधला भाग थोडा लांबला आहे, आणि आईच्या मनातील भीती आणखी एखाद्या प्रसंगाने दिसती तर बरे झाले असते.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे नाकारले. २८ ऑगस्ट २०२४ च्या खुलाशाने केंद्रीय वित्त मंत्रालयाने अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडण्यास आणि परस्परांना नामनिर्देशित करण्यास आडकाठी नसल्याचे स्पष्ट केले. सेवापुस्तिकेतील कुटुंबाच्या रकान्यात मात्र आनंदला बाळ्याचे नाव लिहिता येणार नाही. वाचकांपैकी कित्येकांनी हा रकाना स्वतः भरला आहे, कित्येकांनी इतरांचा तपासला आहे.

चित्रपटाच्या नावातील साबर बोंडं म्हणजे निवडुंगाची फळे. बाळ्या ती आनंदसाठी काटे काढून आणतो. आमच्या शेजारच्या आसनावर एक वृद्ध गृहस्थ सपत्नीक बसले होते. तो प्रसंग आला, तेव्हा बाई हळूच त्यांना म्हणाल्या, “आमच्याकडे ही राखेत घोळून चोळतात, मग कुसळं जातात.” गृहस्थांनी मान हलविली, आणि दोघेही पुढचे पाहू लागले.