‘अपाय न होईल इतपत’ : युरोपीय वराहपालन-नियमांच्या भाषेविषयी

वराहगृहातील हवेविषयी युरोपीय संघात जे नियम लागू आहेत, त्यांचे परीक्षण पशुवैद्यांनी करावयाचे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. परंतु या नियमांतील उणीव मुळात शब्दांचीच आहे.

पशुपालनाविषयीच्या १९९८ च्या निर्देशात हवेचे अभिसरण, धूळ, तापमान, आर्द्रता व वायूंचे प्रमाण ही जनावरांस अपायकारक होणार नाहीत अशा मर्यादेत ठेवावीत, असे म्हटले आहे. ती मर्यादा कोणती, हे सांगितलेले नाही. डुकरांविषयीच्या २००८ च्या निर्देशात मात्र सततचा आवाज ८५ डेसिबलांइतका असू नये, दिवसातून किमान ८ तास ४० लक्स प्रकाश असावा, असे स्पष्ट आकडे आहेत. श्वासाच्या वाट्याला तेवढे विशेषण आले. अमोनियामुळे श्वासमार्गाचे अस्तर दुखावते आणि मायकोप्लाझ्मासारख्या जंतूंना वाट मोकळी होते. ‘अपायकारक’ हे विशेषण अपाय झाल्यावरच निश्चितपणे लावता येते. तोवर खोकला साऱ्या खणांतून पसरलेला असावयाचा.

जर्मन नियमावलीने अमोनियासाठी दर घनमीटर हवेत २० घनसेंटिमीटर ही मर्यादा घातली, हे योग्यच केले. पण ती ‘कायम’ ओलांडली जाऊ नये, अशी शब्दयोजना करून पुन्हा फट ठेवलीच.

तथापि केवळ आकड्यांनी भागेल, असेही नाही. निर्देशात या गोष्टी स्वल्पविरामांनी सुट्या केल्या आहेत. प्रत्यक्षात त्या सुट्या नसतात. हिवाळ्यात ऊब टिकविण्यासाठी वायुवीजन कमी केले की दमटपणा आणि अमोनिया दोन्ही वाढतात. शिवाय ऊब कोणासाठी? नुकत्याच जन्मलेल्या पिलास ३० अंश सेल्सिअसहून अधिक उष्णता लागते. त्याच खणातील मादीस २० अंशांच्या आसपासच बरे वाटते. दूध निर्माण करताना तिच्या शरीरात उष्णता वाढते, आणि डुकरास घाम जवळजवळ येत नाही. अशा ठिकाणी ‘तापमान’ हे एकवचनी नाम अपुरे पडते. (संस्कृतातील द्विवचन मराठीने टाकून दिले, येथे ते उपयोगी पडले असते.) पिलांच्या कोपऱ्यावर उष्णतेचा दिवा टांगणाऱ्या पशुपालकास ही अडचण नियमकर्त्यांहून अधिक उमगलेली आहे.

डुकरे एकमेकांस बिलगून, अंगावर अंग रचून निजली तर थंडी. कुशीवर अंग टाकून दूरदूर पसरली तर उष्मा. हे पाहून हवा सुधारावी, एवढे एक वाक्य निर्देशात असते, तर आजार दिसण्यापूर्वीही ‘अपाय’ या शब्दास काही अर्थ राहिला असता.