अखेरची कृती कोणती? : ‘ॲबी रोड’ व ‘लेट इट बी’ यांचा पौर्वापर्यविचार

एखाद्या कलावंताची अखेरची कृती कोणती, हा प्रश्न वरवर पाहता कालगणनेचा वाटतो. वस्तुतः तो आस्वादाचाही असतो. कृतीस ‘अखेरची’ म्हटले की तीत निरोपाचा सूर ऐकू येऊ लागतो. बीटल्स या इंग्लंडमधील चौघांच्या रॉक वाद्यवृंदाबाबत हा प्रश्न विशेष उद्बोधक आहे. कारण येथे रचनाक्रम व प्रकाशनक्रम परस्परविरुद्ध आहेत.

‘लेट इट बी’ ही ध्वनिमुद्रिका ८ मे १९७० रोजी, वाद्यवृंद फुटल्याची वार्ता प्रसिद्ध झाल्यावर महिन्याभराने निघाली. परंतु तिचा बहुतेक भाग जानेवारी १९६९ मधील आहे. ‘ॲबी रोड’ २६ सप्टेंबर १९६९ रोजी प्रकाशित झाली. तिचे बहुतांश ध्वनिमुद्रण त्याच वर्षीच्या जुलै-ऑगस्टमधील होय. उलट ‘लेट इट बी’तील ‘आय मी माइन’ हे गीत ३ जानेवारी १९७० रोजी, लेननच्या अनुपस्थितीत, उरलेल्या तिघांनी मुद्रित केले. म्हणजे अखेरचे प्रकाशन एक, चौघांची अखेरची सहनिर्मिती दुसरी.

पाठचिकित्सेच्या दृष्टीने ‘लेट इट बी’ची अवस्था अधिक बिकट आहे. कृत्रिम संस्कार टाळून प्रत्यक्ष वादन जसेच्या तसे टिपावे, हा मूळ संकल्प. पुढे फिल स्पेक्टर याने १९७० मध्ये ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’वर वाद्यमेळ व स्त्रीस्वरांचा समूह चढविला आणि ‘आय मी माइन’चा काही भाग पुन्हा जोडून ते लांबविले. यास प्रक्षेपच म्हणावे लागेल. २००३ मधील ‘लेट इट बी... नेकेड’ने हे संस्कार दूर केले; पण दोन तुकडे गाळून एक नवे गीत घातले. तेव्हा तोही मूळ पाठ नव्हे, आणखी एक पाठभेद होय.

‘ॲबी रोड’च्या उत्तरार्धातील गीतमालिका बव्हंशी अपुऱ्या तुकड्यांची आहे. ‘द एंड’मध्ये रिंगो स्टारचे स्वतंत्र तालवादन येते, आणि मग मॅकार्टनी, हॅरिसन व लेनन आळीपाळीने गिटार वाजवितात. येथे प्रत्येकाचा बाज निराळा राहूनही दुसऱ्यास वाट करून दिली जाते. यात निरोप आहे, असे अनेक रसिकांस वाटते. परंतु प्रथम श्रोत्यांस विघटनाची कल्पनाच नव्हती. लेननने त्याच महिन्यात सांगितलेला निर्णय सहकाऱ्यांपुरताच राहिला होता. शिवाय समाप्ती तेथे होतही नाही. काही क्षणांच्या शांततेनंतर ‘हर मॅजेस्टी’ हे २३ सेकंदांचे गीत येते. मालिकेतून कापलेला हा तुकडा टाकून न देता तंत्रज्ञाने फितीच्या शेवटी जोडला, आणि तो तेथेच राहू दिला गेला. त्याचा अंत्य स्वर कापणीत मागे राहिला. म्हणजे अखेरच्या सहनिर्मितीचा अखेरचा स्वर अपुराच आहे, आणि तोही योजनेने नव्हे, यदृच्छेने.

म्हणून ‘ॲबी रोड’चे महत्त्व निरोपात शोधू नये. ज्यांच्यात एकवाक्यता उरली नव्हती, त्यांनी कारागिरीपुरती ती साधली, हेच तिचे खरे मोल. चरित्राचा शेवट ठाऊक असलेल्या समीक्षकाने तो कृतीवर लादण्यापूर्वी पाठ तपासावा; श्रवणातील करुणरस त्यामुळे उणावेल, पण कलेचे श्रेय ज्याचे त्यास मिळेल.