रामदास थर: आलेख जुळला, कारण निसटलं

थंडीतल्या निरभ्र रात्री हवा सगळ्यात गार कुठे असते? पाठ्यपुस्तकाचं उत्तर ठरलेलं आहे: जमिनीला टेकून. जमीन आकाशाकडे उष्णता फेकते, आधी ती स्वतः गार होते, मग तिला लागलेली हवा. वर जावं तसं तापमान वाढत जातं.

1932 मध्ये एल. ए. रामदास आणि एस. आत्मनाथन यांनी याच्या उलट मोजमाप छापलं. वारा पडलेल्या रात्री उघड्या जमिनीवर सगळ्यात गार हवा होती ती जमिनीच्या एक-दोन वीत वर, आणि तिच्याखालची जमीन तिच्यापेक्षा उबदार. रामदास पुण्यात हवामान खात्यात होते, शेतीच्या हवामानावर काम करत. नागपुरात 29 डिसेंबर 2018 ला 3.5 अंश नोंदले गेले, पण वेधशाळेचा असा आकडा साधारण छातीच्या उंचीवरचा असतो. हरभऱ्याचं रोप उभं असतं त्या उंचीवर काय चाललंय, ते त्यातून कळत नाही.

रामदासांवर शंका घेतली गेली, आणि ती रास्त होती. गार हवा जड असते, खाली उबदार हवा असेल तर दोन्ही मिसळून जायला हव्यात. मग दोष थर्मामीटरचाच असणार, असं बाहेरच्या अनेकांनी धरलं. 1957 मध्ये राश्के यांनी पुण्यातच पुन्हा काळजीपूर्वक मोजलं आणि थर खरा निघाला. या साखळीतला सगळ्यात कामाचा पेपर माझ्या मते हाच. जर्मनमध्ये आहे म्हणून आपल्याकडे कोणी उघडत नाही, एवढंच.

आता मूळ मुद्दा. 1993 मध्ये वासुदेव मूर्ती, जे. श्रीनिवासन आणि रोद्दम नरसिंह यांनी या थराचा सिद्धांत मांडला. पेपर सुंदर लिहिलेला आहे, गणित स्वच्छ आहे, आणि उत्तरं निरीक्षणांशी जुळतात. जमिनीची एमिसिव्हिटी 1 पेक्षा थोडी कमी असते, म्हणून तिच्यालगतच्या हवेला खालून येणारं प्रारण कमी पडतं आणि ती झपाट्याने गार होते, असा त्याचा गाभा. कितीतरी जणांसाठी विषय तिथेच मिटला.

2012 मध्ये पोन्नुलक्ष्मी आणि सहकाऱ्यांनी त्यातली प्रारणाची गणना उघडून पाहिली. खालून येणारं प्रारण दोन प्रकारचं असतं: जमिनीने स्वतः सोडलेलं आणि वरून येऊन जमिनीवरून परतलेलं. परतलेलं प्रारण मुळात हवेतल्या वाफेनेच सोडलेलं. म्हणजे वाफ ज्या तरंगलांबी शोषते, नेमक्या त्याच त्यात भरलेल्या असतात, आणि तिथली कसर परतलेलं प्रारण भरून काढतं. खरी तूट राहते ती वाफ ज्यांना आरपार जाऊ देते त्या तरंगलांबींत. तिथे हवेला तूट जाणवतच नाही! जुन्या गणनेने मात्र ही तूट सगळ्या तरंगलांबींवर वाटून टाकली, त्यामुळे जमिनीलगतची हवा कागदावर भराभर गार झाली. थर खरा, आलेख जुळलेला, पण गारवा आला होता हिशोबाच्या पद्धतीतून.

आपल्यापैकी बहुतेक जण पेपर वाचताना आधी आलेख बघतो, रेषा ठिपक्यांवरून गेली की पुढच्या पेपरकडे वळतो. इथे ठिपक्यांत काहीच खोट नव्हती. गृहीतक लपलं होतं एका पदात, परतलेल्या प्रारणाच्या. त्या पदापाशी थांबायला कोणाला तरी जवळपास वीस वर्षं लागली. याच बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्राच्या गटाने पर्याय म्हणून हवेतल्या सूक्ष्म कणांकडे बोट दाखवलं आहे. मला ते जास्त पटतं, पण त्यांनाही तोच प्रश्न विचारायचा: हेच ठिपके दुसऱ्या कारणानेही जुळतील का?

या सगळ्या सिद्धांतांची अजून एक मर्यादा आहे. त्यांच्यात हवा फक्त वर-खाली बघितली जाते. शेजारी डोंगर आला की रात्री गार हवा उताराने खाली सरकते आणि चित्रच बदलतं. अमेरिकेत यूटाच्या वाळवंटात ग्रॅनाइट माउंटनभोवती 2012 च्या शरदात आणि 2013 च्या वसंतात हरिंद्र फर्नांडो यांच्या नेतृत्वाखाली मॅटरहॉर्न नावाची मोठी मोहीम झाली. उतारावरून येणारे आणि दरीतून वाहणारे वारे एकमेकांवर आदळतात, हवा एकदम ढवळते, हे तिथे बारकाईने टिपलं गेलं. गंमत म्हणजे त्याच भागात हवामानाचं मॉडेल रात्र प्रमाणाबाहेर उबदार दाखवत होतं, आणि त्यावर मोठा उतारा सापडला तो मातीत: माती उष्णता कशी वाहते आणि तिच्यात ओल किती, हे सुधारल्यावर चूक घटली.

नागपुरात कोणाला हे मोजायचं असेल तर सेमिनरी हिल्सच्या पायथ्याशी खांब रोवू नका. मैलभर सपाट, उघडी जमीन शोधा, जमिनीपासून मीटरभरात निदान सहा-सात सेन्सर लावा, आणि शेजारी वाऱ्याची नोंद ठेवा. ज्या रात्री झुळूक आली ती रात्र फेकू नका, वेगळी ठेवा. झुळूक आल्यावर थर किती मिनिटांत मोडतो आणि थांबल्यावर पुन्हा कधी बसतो, ते त्याच रात्रींत सापडेल.