ओसरीवरून दिसलेलं गाव

शहरात शिकणाऱ्या पुतणीनं एम. एन. श्रीनिवास यांचं ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ हे इंग्रजी पुस्तक मला आठ-दहा रात्री बसून मराठीत सांगितलं. १९४८ साली ते म्हैसूरजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. त्या गावाला त्यांनी नाव दिलं रामपुरा. टिपणं निगुतीनं लावून केलेल्या तिन्ही प्रती १९७० साली अमेरिकेत स्टॅनफर्डला आगीत गेल्या. मग आठवणीतून लिहिलं आणि १९७६ ला पुस्तक आलं.

शेतकरी म्हणून सांगतो, माणसानं गाव नीट बघितलंय. भाताची शेती, बैल, भाऊबंदकी, पाटलाचा न्यायनिवाडा. ऐकताना आपलंच गाव वाटतं. जमिनीनं आणि संख्येनं भारी असलेल्या जातीच्या हातात गाव कसं असतं, हे तर त्यांनीच अभ्यासकांना शिकवलं. पण गरिबाच्या घरात पुस्तक फारसं शिरत नाही. का, त्याचं उत्तर पुस्तकातच आहे. लेखकाचा मुक्काम पाटलाच्या बैलांच्या घरात. तिथं येऊन बसणार कोण? जमीनवाले. मजूर आला तरी मालकाच्या दारात काय बोलणार? आपण गाव वरच्या जातीच्या बाजूनं पाहिलं, हे श्रीनिवास स्वतः कबूल करतात. हा त्यांचा मोठेपणा. पण कबुलीनं उणीव भरून निघत नाही.

हे मी तोऱ्यात म्हणत नाही. आमच्याकडंही एकदा एक कॉलेजातला पोरगा मजुरीची माहिती घ्यायला आलेला. मी त्याला ओसरीवर बसवलं, चहा पाजला आणि आमच्या सालगड्याला हाक मारली. “सांग रे, काय अडचण हाय का?” तो खाली पायरीवर टेकला. माझ्याकडं बघत म्हणाला, “मालकाच्या कृपेनं सगळं बरं हाय.” पोरानं ते लिहून घेतलं. त्याच महिन्यात सालगड्यानं बायकोच्या आजारपणासाठी उचल मागितली होती आणि मी नाही म्हणलं होतं. ते वहीत आलं नाही. मीही सांगितलं नाही.

म्हणून गरिबीवरचं काही वाचताना मी आधी बघतो, लिहिणारा कुणाच्या घरी उतरला, कुणाच्यात जेवला आणि बोलणारा तेव्हा कुठं बसला होता. आकडे नंतर.

श्रीनिवासांनी निदान आपली बसायची जागा सांगून टाकली. पुढं कुणी आमच्या गावी आलं, तर त्याला वस्तीची वाट दाखवीन आणि मी आपला रानात जाईन.