किआरीचा निबंध आणि पाच मिलिमीटरांची रेषा

प्राग येथील जर्मन विद्यापीठात विकृतिशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या हान्स किआरी यांनी १८९१ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यावरून लहान मेंदूच्या एका जन्मजात व्यंगास त्यांचे नाव मिळाले. या निबंधाचे खरे बळ वर्णनात आहे. लहान मेंदूचे टॉन्सिल नावाचे भाग कवटीच्या तळाच्या छिद्रातून खाली कसे उतरतात, हे त्यांनी शवविच्छेदनाच्या आधारे नेमकेपणाने नोंदविले. कारणमीमांसा मात्र दुबळी ठरली. जलशीर्षाच्या दाबामुळे हे भाग खाली ढकलले जातात, असे त्यांचे मत होते. परंतु पहिल्या प्रकारच्या बहुसंख्य रुग्णांत जलशीर्ष नसतेच. कवटीचा मागील तळभाग अपुरा वाढणे, हे कारण आज अधिक ग्राह्य मानले जाते.

तथापि या निबंधातील एक तपशील दृष्टीआड होता कामा नये. पहिल्या प्रकाराचे उदाहरण म्हणून दिलेली १७ वर्षांची युवती विषमज्वराने मरण पावली होती. लहान मेंदूच्या विकाराचे एकही लक्षण तिच्यात दिसले नव्हते. व्यंग असणे आणि व्यंगाची पीडा होणे या गोष्टी भिन्न आहेत, हा बोध मूळ वर्णनातच होता.

पुढे एम.आर.आय. चित्रणाने जिवंत माणसाचा मेंदू दृग्गोचर केला आणि छिद्राच्या पातळीखाली ५ मिलिमीटर ही निदानरेषा रूढ झाली. रेषा सोयीची खरी. परंतु तिच्यावर नको तितका भार पडला. रॉटरडॅम येथील २००० सामान्य व्यक्तींच्या पाहणीत (२००७) सुमारे ०.९ टक्के लोकांत हे व्यंग अकल्पितपणे आढळले. जुनाट डोकेदुखी तर याहून कितीतरी अधिक आढळते. तेव्हा दोहोंचे सहअस्तित्व हा निव्वळ योगायोगही असू शकतो. खोकताना वा शिंकताना डोक्याच्या मागील बाजूस उठणारी, अल्पावधीत ओसरणारी कळ या व्यंगाकडे निर्देश करते. मळमळीसह ठणकणारी अर्धशिशी तसा निर्देश करीत नाही. उभे राहताच वाढणारी आणि आडवे होताच शमणारी वेदना तर मेरुद्रवाच्या गळतीची शंका उत्पन्न करते. अशा गळतीतही मेंदू खाली ओघळून चित्र असेच दिसते. तेथे कवटीचे हाड काढणे म्हणजे मूळ गळती तशीच ठेवून भलतीच दुरुस्ती करणे होय.

किआरींचा तर्क चुकला, पण त्यांनी मृताच्या लक्षणांची नोंद गाळली नाही. जिवंत रुग्णाचे चित्र वाचणाऱ्याने त्याची वेदना ऐकण्याचे गाळावे, हे मात्र समर्थनीय नव्हे.